पाच, पॅचुली आणि एक भबका : बडोद्यातल्या चौदा महिन्यांच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. जरोदची वाडी.

भाऊजींच्या वाडीतल्या पॅचुलीला फुलं आली आहेत. फिकट जांभळट-पांढरे तुरे, मधमाश्या भिरभिरताहेत. ते कौतुकाने दाखवत होते आणि माझ्या पोटात गोळा आला.

आधी मागची हकिगत लिहून ठेवते. २०२१ साली एका कंपनीचा माणूस वाडीवर आला. आंब्याच्या सावलीत पॅचुली लावा, तेल परदेशी अत्तरांत जातं, पाला आम्हीच उचलू. तसा कागदही करून दिला. भाऊजींनी एका रोपाला १४ रुपये देऊन ६०० रोपं घेतली. पहिली कापणी तयार झाली तेव्हा त्या माणसाचा फोन लागेना, आणि पुढेही कधी लागला नाही. निम्मी रोपं त्याच उन्हाळ्यात गेली, मग कोणी लक्ष दिलं नाही. आता आंब्याखाली ४० उरली आहेत.

खरी पॅचुली म्हणजे पोगोस्टेमॉन कॅब्लिन. तुळस-पुदिन्याच्या कुळातली, मूळची फिलिपाइन्सकडची. ती आपल्याकडे जवळजवळ फुलतच नाही, सगळी वाढ छाट कलमांवर. म्हणून फुलं दिसली तेव्हाच शंका आली. पान उलटं करून भिंगाखाली धरलं. कॅब्लिनचं पान मखमली असतं, दोन्ही बाजूंनी बारीक लव, बोटाला जाणवते. हे पान जवळजवळ गुळगुळीत. फुलातल्या पुंकेसरांवर मात्र सुंदर जांभळे केस होते, दाढीसारखे. पोगोस्टेमॉन या नावाचा अर्थच दाढीवाला पुंकेसर.

तर ही तिची चुलत बहीण, हेनियानस. दक्षिण भारतात आपसूक उगवणारी. हिच्यात तेल थोडं, आणि ज्याच्यासाठी अत्तरवाले पैसे मोजतात तो पॅचुलॉल अगदी कमी. भाऊजींना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे वहिनी, त्याने पाला उचलला असता तरी भाव मिळाला नसता." हो, नसता मिळाला.

१४ फेब्रुवारी. घर, कारेलीबाग.

शब्दावर जायचं नाही म्हणून मोजून पाहिलं. नंदेसरीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं काढली, निवृत्त होताना काचेचं एक क्लेव्हेंजर उपकरण (पाल्यातलं तेल वाफेने काढून मोजणारं) स्वतःसाठी विकत घेतलं होतं. १०० ग्रॅम सुका पाला, पाच तास. ०.४ मिली तेल, पातळ, पिवळसर.

सासूबाई स्वयंपाकघरातून वास ओळखत आल्या. "अगं, पाच आहे की ही. वेणीतली." मी म्हटलं, नाही आई, मराठीत दोन्हीला पाचच म्हणतात, पण हवी ती ही नव्हे. त्या "बरं" म्हणाल्या, पण पाला भरलेली वाटी घेऊन गेल्या.

ठरवलं. खरी कॅब्लिन आणायची, वाडीत लावायची, आणि आपल्या हाताने, नाव घ्यावं असं तेल काढायचं. भाऊजी जमीन आणि पाणी देणार. भबक्याचा, म्हणजे वाफेने तेल काढायच्या भांड्याचा, खर्च माझा.

२ मार्च.

कर्नाटकातल्या ओळखीच्या रोपवाटिकेतून कलमं आली. ३५० कांड्या, ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या. प्रत्येकीला चार-पाच डोळे. सगळ्यांत आधी पान चोळून पाहिलं. लव आहे, आणि वास ताज्या पानाला फारसा नाहीच. थोडा मातकट, ओल्या फळीसारखा. हे लक्षण चांगलं, कारण कॅब्लिनचा खरा वास वाळल्यावर उघडतो.

मागच्या अंगणात, पेरूखाली, शेडनेटमध्ये वाळू-गांडूळखत-माती सारख्या भागाने भरलेल्या पिशव्यांत लावल्या. वरची दोन पानं ठेवली, बाकी काढली.

९ एप्रिल. पाडवा.

२९० कलमांना मुळं. बाकीची काळी पडली. ठीक आहे. गुढीला कडुनिंबासोबत एक पॅचुलीची डहाळी बांधली.

१९ मे.

दुपारी दारात उभं राहवत नाही. या झाडाला हवी २५-२८ अंशांची दमट हवा आणि वर्षाला दीड ते तीन हजार मिलिमीटर पाऊस. बडोद्याच्या वाट्याला एवढा पाऊस येत नाही, आणि मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे. तरी आंब्याखाली जमेल असं मला वाटतं, कारण तिला निम्मी सावली आवडतेच. प्रश्न फक्त या दोन महिन्यांचा. शेडनेटवर ओली गोणपाटं टाकतेय, दिवसातून तीनदा. सासूबाई अकराच्या पाण्याची पाळी चुकू देत नाहीत.

३० जून, रविवार. वाडी.

दोन चांगले पाऊस झाले. २०० रोपं लावली. आंब्यांच्या दोन ओळींमध्ये गादीवाफे, नऊ इंच उंच, रोपांत दोन-दोन फुटांचं अंतर. प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड. शेवटचा वाफा ओढ्याकडच्या उतारावर सखल आला. भाऊजी म्हणाले माती घालून उंच करू, मी म्हटलं आता अंधार पडतोय, राहू दे. ९० रोपं अंगणातच ठेवली, मर झाली तर भरायला.

वाडी सांभाळणारे काका पंचमहालचे. रोप हातात घेऊन म्हणाले, "बेन, आ तो तुलसीनी बेन." बरोबर ओळखलं त्यांनी. चौकोनी खोड पाहून.

२१ जुलै.

वाढ छान. गुडघ्याखाली आलीत. खुरपणी एकदा.

२६ ते ३१ ऑगस्ट.

हे एकत्र लिहितेय, मध्ये लिहिणं शक्य नव्हतं.

सोमवारी गोकुळाष्टमी, रात्रंदिवस पाऊस. आजवा धरणाचं पाणी सोडलं, मंगळवारी विश्वामित्री शहरात शिरली. नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यात दुपारी तीनला पायरीवर पाणी, पाचला ओट्यावर. सासूबाईंना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं, त्यांची ट्रंकही नेली. त्या ट्रंकेशिवाय हलायला तयारच नव्हत्या. लाइट नाही, फोन नाही. सोसायटीच्या कोपऱ्यावर मगर दिसली म्हणून कोणी खाली उतरेना. दोन दिवस वरच्या गॅलरीतून मागचं अंगण पाहत होते. शेडनेटचा वरचा हातभर भाग पाण्याबाहेर, बाकी सगळं चहासारख्या पाण्यात.

शुक्रवारी पाणी ओसरलं. ९० च्या ९० रोपं गेली. बोटभर चिकट गाळ, आणि त्याखाली पिशव्या आडव्या. उपटून पाहिली, मुळांची साल बोटाला लागून निघत होती.

वाडीवर शनिवारी पोचले. उंच वाफ्यांवरची तगली. सखल वाफ्यातली ३१ मेली. त्या वाफ्यावर चार पाट्या माती पडली असती तर ती आज उभी असती. भाऊजींनी तेव्हा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ३१ ऑगस्टची मोजणी : १६९.

१५ सप्टेंबर.

घर साफ करण्यात पंधरा दिवस गेले. क्लेव्हेंजर वरच्या कपाटात होतं, वाचलं. वाडीत चर खणले.

६ ऑक्टोबर. वाडी.

दुसऱ्या वाफ्यातली काही रोपं उन्हं चढली की मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. पाणी कमी नाही. एक उपटलं. मुळांवर गाठी, मण्यांच्या माळेसारख्या, काही हरभऱ्याएवढ्या. सूत्रकृमी. या पिकाचा हा सगळ्यांत मोठा वैरी. मुळातच घर करतो, वरून महिनाभर काही कळत नाही, आणि एकाच जमिनीत पॅचुली वर्षानुवर्षं ठेवली की वाढतच जातो.

२२ रोपं उपटली, मुळांसकट वाडीबाहेर नेऊन जाळली. बाकीच्यांना निंबोळी पेंड आणि शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशी. मोकळ्या जागेत आणि कडेने झेंडू. झेंडूच्या मुळांतून जे पाझरतं ते या कृमींना मानवत नाही. काकांना हे माहीत होतं, वांग्याच्या शेतात ते करत आले आहेत. दसऱ्याला फुलं होणार नाहीत, पण त्यासाठी लावलेली नाहीतच. उरली १४७.

८ नोव्हेंबर.

मकरपुऱ्याच्या एका कारागिराकडून भबका आला. ६० लिटरचं स्टीलचं भांडं, तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर पाला. झाकणातून नळी, नळी थंडाव्याच्या नागमोडी कॉइलमध्ये, आणि शेवटी तेल-पाणी वेगळं करणारं उभं भांडं. कन्नौजचे अत्तरवाले तांब्याची डेग, बांबूचा चोंगा आणि पाण्यात ठेवलेला भपका वापरतात. ते पाहायला फार देखणं. पण गुलाब-मोगऱ्याला ते ठीक, या जड तेलाला मला बंदिस्त वाफ हवी.

रिक्षात भबका घेऊन येताना अलेंबिक रोडवरून आलो. या रस्त्याने मी आयुष्यभर ये-जा केली आणि नावाचा विचार आज केला. अलेंबिक म्हणजे भबकाच. १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी इथे अर्क आणि मद्यार्क काढायचा कारखाना घातला आणि त्याला ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचं नाव दिलं. गज्जर म्हणजे सयाजीराव महाराजांच्या कलाभवनाचे पहिले प्रमुख, रसायनशास्त्र देशी भाषांत शिकवलं पाहिजे म्हणणारे. मांडीवर भबक्याचं झाकण घेऊन त्या फाटकावरून जाताना अंगावर काटा आला.

१ डिसेंबर, रविवार. पहिली कापणी.

लावणीला पाच महिने झाले. खालची पानं फिकी पडून कडेला तपकिरी होऊ लागली आहेत, म्हणजे वेळ झाली. दव असतानाच सुरुवात, उन्हं वर यायच्या आत संपवलं. प्रत्येक रोपाच्या चार-पाच फांद्या राखल्या, नाहीतर पुन्हा फुटत नाही. तेल सगळ्यांत जास्त शेंड्याकडच्या तीन जोड पानांत, म्हणून जाड खोडं घेतली नाहीत.

ताजा पाला ४४ किलो. वाडीच्या माळ्यावर, बांबूच्या ताट्यांवर, चार बोटांचा थर. सावलीत, पण वारा खेळता.

५ डिसेंबर.

दिवसातून दोनदा हलवतोय. तिसऱ्या दिवसापासून वास बदलला. पहिल्या दिवशी नुसता हिरवा पाला होता. आता माळ्याची शिडी चढतानाच तो येतो. गोडसर, जुन्या लाकडाचा, पाऊस पडलेल्या मातीचा, खाली किंचित कापूर. भाऊजी शिडीवरच थांबले. "हे तेव्हाच्या रोपांना कधीच आलं नव्हतं."

कोपऱ्यातला ढीग मात्र जाड राहिला. काकांनी हात घालून बघितला. "बेन, आमां तो फूग लागी गई छे." आत गरम आणि पांढरी बुरशी. दीड किलो फेकला. थोडं आंबणं हवं, पण बुरशी आली की तेलाला कुबट वास कायमचा बसतो.

८ डिसेंबर.

सुका पाला ९.२ किलो. क्लेव्हेंजरवर तीन चाचण्या, प्रत्येकी पाच तास :

सावलीत आठवडाभर वाळवलेला, १०० ग्रॅम : २.१ मिली.
उन्हात दोन दिवसांत कुरकुरीत झालेला, १०० ग्रॅम : १.६ मिली.
कापणीच्या दिवशी ताजाच घेतलेला अर्धा किलो, म्हणजे सुक्या १०० ग्रॅमच्या जवळपास : १.१ मिली.

आकडे घरगुती आहेत, एकेकदाच केलेले. पण फरक डोळ्यांना दिसतो. कारण पानाच्या रचनेत आहे. पुदिन्याच्या तेलाच्या गाठी पानाच्या पाठीवर असतात, नुसतं चोळलं तरी फुटतात. पॅचुलीच्या तशाही असतात, पण बऱ्याचशा पानाच्या आत, पेशींच्या मध्ये दडलेल्या. ताज्या पानात वाफ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सावकाश सुकताना, मुरताना पेशींच्या भिंती ढिल्या होतात आणि वाट मोकळी होते. उन्हात घाई केली तर हलका भाग उडून जातो आणि मुरायला वेळ मिळत नाही.

उरलेल्यातला निम्मा पाला गोणपाटात भरून ठेवला. मुरू दे अजून.

१५ डिसेंबर, रविवार. पहिलं ऊर्ध्वपातन.

वाडीवर. ४ किलो पाला, सकाळी आठला गॅस पेटवला. पावणेनऊला पहिला थेंब.

पहिली अडचण तेल वेगळं होईना. पॅचुलीच्या तेलाची घनता ०.९६ च्या आसपास, पाण्यापेक्षा जेमतेम हलकं. कॉइलवर बर्फासारखं गार पाणी सोडलं होतं, त्याने तेल दाट होऊन पाण्यात ढगांसारखं लोंबकळत राहिलं. गार पाण्याची धार कमी केली, गळणारं पाणी हाताला कोमट लागेल इतकी. अर्ध्या तासात तेल वर येऊन कडी धरू लागलं. जे तरी राहिलं त्यात मीठ घातलं. पाणी जड झालं, तेल वर आलं. तेल काढून उरलेलं बिनमिठाचं पाणी परत भांड्यात ओतत होतो, त्यातही तेल विरघळलेलं असतं.

दोनला सिलिंडर संपला. सहा तास झाले होते, थेंब बारीक झाले होते, थांबवलं. ४९ ग्रॅम. सव्वा टक्क्याच्याही आत.

आणि रंग! काळ्या कॉफीसारखा. वास चांगला, पण मागे धातूची एक धार आहे, जिभेवर यावी तशी.

१७ डिसेंबर.

झोप लागली नाही त्या रंगाने. पॅचुलीचं तेल लोखंडाच्या भांड्यात काढलं की काळपट होतं. इंडोनेशियात जुन्या लोखंडी पिंपांतून येणारं तेल असंच. पण माझं भांडं तर स्टीलचं. फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन वाडीवर गेले. भांड्याला लावलं, पडलं. झाकणाला लावलं, पडलं. नळीला, पडलं. आतली जाळी उचलली आणि चुंबक खटकन चिकटलं. खाली गंजाची नक्षी, पाल्याचे काळे ठसे.

कारागिराने ३०४ ग्रेडच्या (चांगल्या, न गंजणाऱ्या स्टीलच्या) भांड्यात साध्या लोखंडाची जाळी बसवली होती, वरून चकचकीत मुलामा. सगळं ३०४ हवं असं कागदावर लिहून दिलं होतं मी. त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, जाळी काय, पाल्याखालीच तर राहते. मी त्याला तेलाची बाटली दाखवली. दोन दिवसांत बदलून दिली, पैसे मात्र पुन्हा घेतले. चुंबक आधीच लावून घ्यायला हवं होतं. (२०२ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा या परीक्षेने फक्त लोखंड पकडता येतं, हलकं स्टील नाही.)

काळं तेल सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुतलं. सायट्रिक लोहाला धरून पाण्यात ओढून नेतं. तीनदा धुतल्यावर कॉफीचा गडद मध झाला. धातूची धार गेली.

२८ डिसेंबर, शनिवार. दुसरं ऊर्ध्वपातन.

नवी जाळी. गोणपाटात तीन आठवडे मुरलेला ४ किलो पाला. दोन भरलेले सिलिंडर. ठरवलं होतं, दहा तास, काही झालं तरी.

या वेळी तेल तीन बाटल्यांत वेगळं धरलं. पहिल्या तीन तासांचं ३७ ग्रॅम, पुढच्या तीनचं २७, शेवटच्या चार तासांचं १७. एकूण ८१, म्हणजे दोन टक्के.

पहिली बाटली पातळ, पिवळी, तिखट हिरवा वास. दुसरी मधाच्या रंगाची. तिसरीतलं तेल काचेच्या कांडीवरून लगेच ओघळतच नाही, धार धरून उतरतं. वासही हळू उतरतो. पहिल्यांदा काही नाही असं वाटतं, मग खोली भरते. पॅचुलॉल २८० अंशांच्या वर उकळणारा, पंधरा कार्बनचा जड रेणू. वाफेबरोबर येतो, पण शेवटी येतो. सहाव्या तासाला गॅस बंद केला की तेल निघाल्यासारखं दिसतं आणि सार भांड्यातच राहतो. माझ्या पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं होतं.

तिन्ही बाटल्या एकत्र करून हलवल्या. संध्याकाळी साडेसहाला गॅस बंद केला तेव्हा काकांनी हात पुढे केला, एक थेंब मागितला. मनगटावर लावला आणि काही न बोलता बराच वेळ हुंगत बसले.

१२ जानेवारी २०२५.

कागदी पट्ट्यांवर एकेक थेंब टाकून तारखा लिहून ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांनी मोगऱ्याची आणि लिंबाची पट्टी कोरी आहे. पॅचुलीची अजून बोलते. अत्तरवाले हिला तळाला घालतात ते यासाठी. वरचे उडणारे वास ही धरून ठेवते. नुसतं लाकूड-मातीच नव्हे, गोडाचं टोकही ती पेलते. १९९२ च्या 'एंजल' या परदेशी अत्तरामध्ये कॅरॅमलसारख्या गोडव्याखाली हिचाच मोठा डोस आहे.

या रेणूची एक गोष्ट मला कारखान्यात असल्यापासून आवडते, ती इथे लिहून ठेवते. जॉर्ज ब्यूशी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमाराला पॅचुलॉलची रचना मांडली, आणि मग प्रयोगशाळेत त्या रचनेप्रमाणे रेणू बांधून दाखवला. हाती आला तो खरोखरचा पॅचुलॉल. म्हणजे रचना सिद्ध झाली. पुढे १९६३ साली डुनिट्झ आणि सहकाऱ्यांनी क्षकिरणांनी स्फटिक तपासला तर सांगाडा वेगळाच निघाला! बांधताना एका पायरीवर रेणूने आपला सांगाडा आपणच फिरवून घेतला होता, आणि तोही अचूक खऱ्या पॅचुलॉलच्या वळणावर. चुकीच्या नकाशावरून चालत बरोबर घरी पोचावं तसं. मी प्रशिक्षणार्थी मुलांना हे सांगायची तेव्हा ती हसायची. मला मात्र त्या स्फटिकापुढे बसलेल्या माणसांची कमाल वाटते.

सासूबाईंना पट्टी दिली. त्यांनी डोळे मिटले. "शालीचा वास," म्हणाल्या. मग ट्रंक उघडायला लावली. त्यांच्या आजीची काश्मिरी शाल, कडेला विरलेली. काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत पॅचुलीची सुकी पानं घालत. तिकडच्या बायका वासावरून अस्सल शाल ओळखू लागल्या, आणि मग तिकडचे विणकर आपल्या शालींना तोच वास देण्यासाठी पानं मागवू लागले. झाडाची कीर्ती अशी कापडावरून पसरली. या शालीला आता फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास होता. गोळ्या काढल्या, राहिलेला मूठभर पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून घडीत ठेवला.

३ फेब्रुवारी.

दोन्ही खेपांचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफीला (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) दिले होते, अहवाल आला. पहिली खेप : पॅचुलॉल २४ टक्के. दुसरी : ३१ टक्के. तिशीच्या आसपास असलं की तेल चांगलं मानतात. बुल्नेसीन, ग्वायीन हे बाकीचे घटक अपेक्षेप्रमाणे. भाऊजींना फोन केला, आकडा दोनदा विचारून घेतला त्यांनी.

पैशाचा हिशेबही लिहायला हवा. दहा तासांच्या गॅसवर ८१ ग्रॅम. हा धंदा नाही. गॅसऐवजी वाळलेल्या फांद्यांवर वाफ करणारा छोटा बॉयलर आणि एका वेळी पन्नास किलो पाला, असं झालं तरच वाडीला परवडेल. जगातलं बहुतेक तेल इंडोनेशियातून, सुमात्रा-सुलावेसीतल्या छोट्या शेतकऱ्यांकडून येतं. त्यांच्याकडे पाऊस फुकट आहे. आपल्याकडे टाटा ऑइल मिल्सने १९४२ साली लागवडीचा प्रयत्न केला, तेव्हापासून हे पीक कधी वर कधी खाली असंच चाललंय. भाऊजींना स्पष्ट सांगितलं : एकदम एकर लावायचं नाही. आणि कोणी रोपं विकायला आला तर आधी पानाची लव बघायची, मग कागद.

३० मार्च २०२५. पाडवा. वाडी.

दुसरी कापणी कालच झाली. ३९ किलो. माळ्यावर या वेळी तीन बोटांचा थर, कोपरे मोकळे. सासूबाई हट्टाने आल्या होत्या.

दुसरी खेप आता तीन महिन्यांची झाली. बाटली उघडली. सुरुवातीची हिरवी तिखट धार बसली आहे, तेल गोल झालंय. एक बाटली लाखेने बंद करून तारीख घातली, पाच वर्षांनी उघडायची.

दुपारी भाऊजींनी कुदळ काढली. ती जुनी ४० रोपं उपटायची, जागा मोकळी करायची, कारण सूत्रकृमी त्यांच्यातही असणार. सासूबाई त्या ओळीपाशी काठी टेकून उभ्या होत्या. वाकून एक शेंडा खुडला, चुरगळला, माझ्या नाकाशी धरला.

"ही पाच," म्हणाल्या. "अबोली, मरवा आणि हिची दोन पानं. माझी आई रत्नागिरीहून रोप घेऊन इथे आली होती, दांडिया बाजारच्या वाड्यात विहिरीजवळ होतं. तुझं तेल चांगलं झालंय गं. पण ते शालीचं. हे केसांतलं."

मी पुन्हा हुंगलं. तोच पातळ, हिरवा वास, जो गेल्या फेब्रुवारीत मी ०.४ मिली म्हणून वहीत बाद केला होता. तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. मी वर्षभर या रोपांना खोटी पॅचुली म्हणत आले. पॅचुली हा शब्द 'हिरवं पान' अशा अर्थाच्या तमिळ शब्दांवरून आला म्हणतात, आणि आपली पाच त्याच घराण्यातली, परदेशी तेलाच्या बाजाराच्या किती आधीपासून वेणीत बसलेली. त्या माणसाने भाऊजींना फसवलं ते खरंच. झाडाने मात्र कोणाला फसवलेलं नाही.

२८ रोपं उपटली. मुळं तपासून उरलेली १२ निरोगी विहिरीच्या कट्ट्यालगत राखली, पॅचुलीपासून लांब. चार कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या. सासूबाईंच्या खिडकीतल्या कुंडीत लावल्यात, दोन-दोन डोळे मातीत. मंडईतल्या फुलवालीला विचारायचं आहे, जुड्या बांधून दिल्या तर घेईल का.